वर्षाअखेरच्या ‘सर्वोत्तम अल्बम’ याद्या समीक्षक कशा ठरवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांच्या डिसेंबरमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या असतात: याद्या आणि याद्यांवरून होणारी भांडणं. कुणाचा लाडका अल्बम सदतिसाव्या क्रमांकावर असतो, कुणाचा यादीतच नसतो, आणि मग ‘ही मंडळी ठरवतात तरी कसं?’ हा प्रश्न येतोच. खालची उत्तरं मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पद्धतींबद्दल आहेत, कारण हा खेळ तिथलाच. आपल्याकडचा विषय शेवटाकडे येतो.

यादी एक माणूस करतो की समिती?

दोन्ही, आणि शिवाय एक तिसरा प्रकारही आहे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये जॉन पारेलेस आणि जॉन कॅरामॅनिका हे समीक्षक वर्षानुवर्षं आपापली स्वतंत्र यादी देत आले. त्यांची बेरीज होत नाही, त्यामुळे एकाने डोक्यावर घेतलेला अल्बम दुसऱ्याच्या यादीत औषधालाही नसतो असं होऊ शकतं. गार्डियन हे ब्रिटिश वृत्तपत्र किंवा पिचफोर्क हे संगीताचं संकेतस्थळ, यांच्याकडे नोकरीतले आणि बाहेरून लिहिणारे लेखक मतं देतात, मतांची बेरीज होते आणि यादी संस्थेच्या नावाने निघते.

तिसरा प्रकार म्हणजे देशभरातल्या समीक्षकांचं खुलं मतदान. त्याचा नमुना न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने घालून दिला, ‘पॅझ अँड जॉप’ या नावाने. १९७१ साली ते पहिल्यांदा झालं, १९७४ पासून दरवर्षी होऊ लागलं आणि अनेक वर्षं त्याची सूत्रं व्हॉइसचे संगीत समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांच्या हातात होती. इतर याद्यांची आतली गणितं बाहेर फारशी येत नाहीत. इथे सगळा हिशेब उघडा होता, म्हणून पुढच्या उत्तरांत हे नाव पुन्हापुन्हा येईल.

त्या मतदानात मत द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रत्येक समीक्षकाला दहा अल्बम निवडायचे आणि १०० गुण त्यांच्यात वाटायचे. एका अल्बमला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५. बस, एवढाच नियम.

नियम सोपा वाटतो, पण कागद पुढे घेऊन बसलात की गंमत कळते. दहा अल्बमना किमान पाच-पाच दिले की ५० गुण तिथेच गेले. उरलेले ५० कसे खर्चायचे हा खरा प्रश्न. एखाद्या अल्बमवर जीव असेल तर त्याला ३० द्या, पण मग उरलेल्या नऊ जणांत ७० वाटायचे. दोघांना तीस-तीस द्यायचे तर बाकीच्या आठांना पाच-पाच देऊन गप्प बसावं लागतं, तिसऱ्याला सहासुद्धा देता येत नाहीत. साधी मतपत्रिका बहुधा ३०, १५, १०, १०, १० आणि मग पाच वेळा ५ अशी दिसते. आणि ज्याला कुणालाच दुखवायचं नाही तो सगळ्यांना दहा-दहा देऊन मोकळा होतो.

साधा क्रम लावण्यापेक्षा ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. क्रम लावला की पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर आणि नववा आणि दहावा यांच्यातलं अंतर सारखंच दिसतं. ऐकणाऱ्याच्या मनात ते कधीच सारखं नसतं. वर्षात एखादाच अल्बम डोक्यात घर करतो, दोन-तीन खरोखर आवडतात आणि पुढचे सगळे ‘हेही चांगलं होतं’ या रांगेतले.

म्हणजे पहिला आलेला अल्बम सर्वाधिक समीक्षकांना सर्वाधिक आवडला, असंच ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात मोठा. समजा एका अल्बमला सहा समीक्षकांनी प्रत्येकी ३० गुण दिले, बेरीज १८०. दुसऱ्याला वीस जणांनी प्रत्येकी ९ दिले, बेरीज पुन्हा १८०. यादीत दोघं शेजारी-शेजारी. पण पहिल्यावर सहा माणसं वेडी झाली आहेत आणि दुसऱ्याला वीस माणसांनी मान डोलावली आहे. ही दोन वेगळ्या जातीची यशं आहेत, आणि नुसता क्रमांक पाहणाऱ्याला त्यातला फरक कधीच कळत नाही.

म्हणूनच व्हॉइस एकूण गुणांबरोबर ‘किती जणांनी नाव घेतलं’ हा आकडाही छापत असे. गुणांना त्या आकड्याने भागलं की दर माणशी जिव्हाळा किती ते कळतं. पुढे संगीताच्या आकडेवारीचे अभ्यासक ग्लेन मॅकडोनल्ड यांनी या मतांवर अशी बरीच आकडेमोड केली. कोणता समीक्षक बहुमताच्या सगळ्यात जवळ आहे आणि कोण एकटाच आपल्या वाटेने चाललाय, हेसुद्धा त्यातून दिसायचं.

वीस-पंचवीस लेखकांच्या छोट्या मतदानात हा प्रकार आणखी तीव्र होतो. तिथे कुणाचाही दुसरा-तिसरा नसलेला, पण सगळ्यांच्या यादीत आठवा-नववा असलेला अल्बम आरामात पहिल्या पाचांत येतो. कुणाचाही जीव नसलेला अल्बम सगळ्यांचा लाडका म्हणून मिरवतो तो असा.

बेरीज झाल्यावर संपादक यादीत फेरफार करतात का?

व्हॉइसमध्ये बेरीज हाच निकाल होता. ख्रिस्टगाऊ निकालावर लांबलचक निबंध लिहायचे, त्यात समीक्षकांच्या निवडीवर यथेच्छ टीका करायचे आणि शेजारी आपली स्वतःची वेगळी यादी छापायचे. स्वतःच्या मताला वाव होता, पण निकालाला हात लागत नव्हता.

संस्थेच्या नावाने निघणाऱ्या याद्यांत मात्र संपादकाचा हात फिरतो, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही. एकाच शैलीचे सहा अल्बम लागोपाठ आले, किंवा वर्षभर ज्याचं कौतुक केलं तो अल्बम मतविभागणीत कुठेच उरला नाही, तर यादी पुन्हा बघितली जाते. मला यात गैर वाटत नाही. फक्त मग त्या यादीला ‘मतदानाचा निकाल’ म्हणू नये.

वर्ष संपायच्या आत यादी कशी येते? डिसेंबरच्या अल्बमचं काय?

छापील मासिकांमुळे. मोजो आणि अनकट या ब्रिटिश मासिकांचा वर्षाअखेरचा अंक नोव्हेंबरातच दुकानात येतो. म्हणजे लेखकांची मतं त्याच्या कितीतरी आधी घ्यावी लागतात. इंटरनेटवरच्या प्रकाशनांना छपाईची अडचण नाही, पण वाचक याद्यांवर तुटून पडतात ते डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आणि तिथे मागे राहायची कुणाची तयारी नसते.

याचा फटका कुणाला बसतो त्याची दोन ठळक उदाहरणं आहेत. १३ डिसेंबर २०१३ रोजी बियॉन्सेने स्वतःच्याच नावाचा अल्बम काहीही गाजावाजा न करता अचानक आणला. तोवर बहुतेक याद्या छापून झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी १५ डिसेंबरला डिअँजेलोचा ‘ब्लॅक मसाया’ आला, जवळपास पंधरा वर्षांच्या खंडानंतर. पुन्हा तेच. पण पॅझ अँड जॉपची मतं उशिरा घेतली जात आणि निकाल नव्या वर्षात लागे. तिथे २०१४चा पहिला क्रमांक ‘ब्लॅक मसाया’नेच पटकावला. इतर अनेक याद्यांत ज्याचं नावही नव्हतं तो अल्बम सगळ्यात मोठ्या मतदानात पहिला. चवीचा प्रश्नच नव्हता, फरक काही आठवड्यांचा होता.

जुन्या काळी याहून गमतीदार घोळ होत. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ बाजारात आला १९८२च्या नोव्हेंबरअखेर, आणि व्हॉइसच्या मतदानात पहिला आला १९८३चा म्हणून. द क्लॅशचा ‘लंडन कॉलिंग’ ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७९मध्ये निघाला, अमेरिकेत जानेवारी १९८०मध्ये. त्यामुळे तो व्हॉइसच्या १९८०च्या यादीत पहिला ठरला, आणि पुढे अमेरिकेच्या रोलिंग स्टोन मासिकाने त्याला ऐंशीच्या दशकाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून जाहीर केलं. लंडनच्या दुकानात तो सत्तरच्या दशकात विकला जात होता, ही बाब अमेरिकन मंडळींनी फारशी मनावर घेतली नाही. आता जगभर अल्बम शुक्रवारी एकाच वेळी येतात (ही व्यवस्था जुलै २०१५ पासूनची), त्यामुळे निदान हा वाद मिटला.

मग जानेवारीतले अल्बम विसरले जातात का?

मधल्या फळीतले जातात. ज्यांनी खरा धक्का दिला ते टिकतात. अ‍ॅनिमल कलेक्टिव्हचा ‘मेरीवेदर पोस्ट पॅव्हिलियन’ जानेवारी २००९चा आणि त्या वर्षीच्या पॅझ अँड जॉपमध्ये पहिला. डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ ८ जानेवारी २०१६ला आला, दोनच दिवसांनी बोवी गेला, आणि वर्षाअखेरीस बियॉन्सेच्या ‘लेमोनेड’ला मागे टाकून तोच पहिला आला. त्यात मृत्यूचा वाटा किती आणि संगीताचा किती, हे कुणी वेगळं काढू शकणार नाही. अल्बम ऐकलात तर तसं काढावंसंही वाटणार नाही.

समीक्षक सगळे अल्बम ऐकतात?

शक्यच नाही. वर्षभरात निघणाऱ्या अल्बमची संख्या कुणाही माणसाच्या ऐकण्याच्या वेळेपेक्षा कैक पट मोठी असते. प्रत्यक्षात काय होतं, तर प्रसिद्धी सांभाळणारी माणसं प्रकाशनाच्या आधी समीक्षकांना ऐकण्याचे दुवे पाठवतात. कुणाचा दुवा उघडायचा हे ओळखीपाळखी, मागचं काम आणि हातातली वेळ यांवर ठरतं. जे उघडलं जातं त्यातलं बरंचसं एकदाच ऐकलं जातं. नोव्हेंबरात मग ‘राहिलेलं ऐकून घेऊ’ अशी धावपळ सुरू होते आणि तेव्हा समीक्षक ऐकतात ते काय? ज्याचं नाव इतर समीक्षकांच्या तोंडी आहे तेच. चर्चेतला अल्बम आणखी चर्चेत जातो आणि मार्चमधला एखादा अवघड, हळूहळू उलगडणारा अल्बम मागे पडतो.

म्हणजे यादीतली जागा पैशाने विकत मिळते?

थेट पैसे देऊन जागा घेतली, असा सरसकट आरोप करायला आधार नाही. पण पैशाचं काम आधीच झालेलं असतं. मोठ्या कंपनीकडे प्रसिद्धीची फौज असते, मुलाखती ठरतात, मुखपृष्ठं मिळतात, आणि त्यामुळे तो अल्बम निदान ऐकला जातो. छोट्या लेबलचा अल्बम वाईट म्हणून नाकारला जात नाही. त्याचा नंबरच लागत नाही.

सगळ्या याद्या एकमेकींसारख्याच का दिसतात?

वर सांगितलेली धावपळ हे एक कारण. दुसरं, तीच माणसं चार ठिकाणी लिहितात आणि चार ठिकाणी मतं देतात. तिसरं, मेटाक्रिटिकसारखी संकेतस्थळं सगळ्या याद्या गोळा करून त्यांना गुण देतात: पहिल्या क्रमांकाला तीन, दुसऱ्याला दोन, पहिल्या दहातल्या इतरांना एक. म्हणजे याद्यांचीही यादी. २०१५मध्ये केंड्रिक लामारच्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ने व्हॉइसपासून मेटाक्रिटिकपर्यंत सगळीकडे बाजी मारली. तो अल्बम त्या मानाला पात्र होता, पण पाचव्या यादीतही तोच पहिला दिसला की वाचक पान उलटतो.

या बाबतीत मला जुनं ‘स्पिन’ मासिक आवडतं. १९९१मध्ये सगळे निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ डोक्यावर घेऊन नाचत असताना स्पिनने स्कॉटलंडच्या टीनेज फॅनक्लबचा ‘बँडवॅगनेस्क’ पहिला ठरवला. यावरून त्यांची आजतागायत टिंगल होते. आणि २००० साली, नॅप्स्टरवरून गाणी फुकट उतरवण्याच्या त्या धुमाळीत, त्यांनी वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून जाहीर केलं ‘तुमची हार्ड ड्राइव्ह’. तेव्हा हा चावटपणा वाटला. आज मागे वळून पाहिलं तर त्या वर्षी संगीतात जे घडलं ते इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्याही यादीने सांगितलं नव्हतं.

ग्रॅमीशी याचा संबंध काय?

काही नाही. ग्रॅमीची मतं रेकॉर्डिंग अकादमीचे सदस्य देतात, म्हणजे स्वतः गाणारे, वाजवणारे, ध्वनिमुद्रण करणारे लोक, आणि त्यांचं वर्षही जानेवारी ते डिसेंबर नसतं. समीक्षकांचा लाडका ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ फेब्रुवारी २०१६मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी टेलर स्विफ्टच्या ‘१९८९’कडे हरला.

या याद्या चुकतात का?

काळाच्या कसोटीवर? वारंवार. १९९२च्या पॅझ अँड जॉपमध्ये हिपहॉप गट अरेस्टेड डेव्हलपमेंटचा पहिलाच अल्बम अव्वल आला. आज त्याचं नाव जाणकारांच्या गप्पांतही क्वचित निघतं. २०११मध्ये ट्यून-यार्ड्सचा ‘हूकिल’ पहिला आला, त्याचीही गत फार वेगळी नाही. पण चूक म्हणायचं तरी कशाला? यादी त्या डिसेंबरातल्या कानांची नोंद असते. १९९२च्या समीक्षकांना काय ऐकण्याची आस होती ते त्या निकालात दिसतं. आणि ‘बँडवॅगनेस्क’ आज लावून बघा, स्पिनवाले वेडे नव्हते.

मतदार बदलले की निकाल बदलतो, हे मात्र लक्षात ठेवावं. रोलिंग स्टोनच्या ‘सर्वकालीन ५०० अल्बम’ यादीत २००३ साली बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ पहिला होता. २०२०मध्ये नव्याने मतं मागवली, या वेळी कितीतरी वेगळ्या पिढीच्या आणि शैलीच्या लोकांकडून, तेव्हा मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला आणि ‘सार्जंट पेपर्स’ चोविसाव्या क्रमांकावर घसरला. अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. हीच गोष्ट हिपहॉपची. पॅझ अँड जॉपचे सत्तरच्या दशकातले बहुतेक मतदार रॉक ऐकत वाढलेले होते. १९८८मध्ये पब्लिक एनिमी आणि लगेच १९८९मध्ये डे ला सोल हे हिपहॉप गट तिथे पहिले आले, तेव्हा मतदारांचे कान बदलल्याची ती पहिली पक्की खूण होती.

आणि आपलं संगीत? भारतीय अल्बम या याद्यांत का नसतात?

कधीमधी आडवाटेने येतं. १९९७मध्ये स्पिनने वर्षातला सर्वोत्तम ठरवला तो ब्रिटनमधल्या कॉर्नरशॉपचा अल्बम. पंजाबी घरातल्या तजिंदर सिंग यांचा हा बँड, आणि त्या अल्बममधलं गाजलेलं गाणं आशा भोसले यांच्या नावावर रचलेलं. म्हणजे सांगलीत जन्मलेल्या, मराठी नाट्यसृष्टीशी घट्ट नातं असलेल्या घरातल्या गायिकेचं नाव अमेरिकन मासिकाच्या पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, पण दुसऱ्याच्या गाण्यातून. आशाताईंनी तोवर गाऊन ठेवलेल्या हजारो गाण्यांपैकी एकही त्या मंडळींच्या कोणत्याच यादीत नव्हतं. कारण अगदी व्यवहारी आहे: ती गाणी चित्रपटांची होती, आणि हिंदी चित्रपटाची तबकडी तिकडच्या समीक्षकांकडे कुणी परीक्षणासाठी पाठवतच नव्हतं.

मुंबईचं आणखी एक उदाहरण. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये एचएमव्हीसाठी सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१०मध्ये तो अल्बम परदेशात पुन्हा निघाला आणि तिकडचे समीक्षक थक्क झाले, कारण शिकागोत पुढे ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून जे नृत्यसंगीत गाजलं त्याच्यासारखं काहीतरी या गृहस्थांनी त्याआधीच मुंबईत करून ठेवलं होतं. १९८२ची कुठलीही यादी काढा, त्यात हे नाव सापडणार नाही.

शास्त्रीय संगीताचा प्रश्न वेगळा आहे. अल्बम हे त्याचं एकक नाहीच, मैफल आहे. गंमत अशी की परदेशात याद्यांचा हंगाम भरात असतो त्याच डिसेंबरात पुण्यात ‘सवाई’ भरलेला असतो, आणि तिथून बाहेर पडणारा श्रोता ‘यंदाचा मारवा कुणाचा?’ यावर तावातावाने बोलतो. यादी तीच, फक्त छापली जात नाही. जाझची बाजू मधली: विजय अय्यर यांचा ‘हिस्टॉरिसिटी’ २००९च्या व्हॉइसच्या जाझ मतदानात पहिला आला होता.

पॅझ अँड जॉप अजून होतं का?

नाही. व्हॉइसची छापील आवृत्ती २०१७मध्ये थांबली, २०१८मध्ये कामकाजच बंद झालं. त्या वर्षाचं मतदान फेब्रुवारी २०१९मध्ये कसंबसं निघालं, केसी मसग्रेव्हजचा ‘गोल्डन अवर’ पहिला आला आणि परंपरा तिथे थांबली. ख्रिस्टगाऊ यांना तर २००६मध्येच काढून टाकलं होतं. फ्रान्सिस डेव्हिस यांनी त्याच वर्षी व्हॉइसमध्ये सुरू केलेलं जाझचं मतदान घरं बदलत चालू राहिलं. जानेवारी २०२४मध्ये पिचफोर्कही ‘जीक्यू’ मासिकाच्या छत्राखाली ढकललं गेलं आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. पोटासाठी संगीतावर लिहिणारे कमी झाले की मतदारही कमी होतात, आणि पगारी माणसाला विचित्र काहीतरी ऐकत बसायला जी दुपार मिळायची तीही जाते.

इतक्या याद्यांतून मी काय वाचावं?

पहिले दहा सोडून द्या, ते तुमच्यापर्यंत आपोआप पोहोचतील. तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकाच्या खाली जा. जिथे वैयक्तिक मतपत्रिका छापलेल्या असतात तिथे एखादा समीक्षक हेरा, ज्याच्या यादीतले तीन अल्बम तुम्हालाही आवडले आहेत आणि उरलेले सात तुम्ही ऐकलेलेच नाहीत. त्या सातांपासून सुरुवात करा.

मला स्वतःची यादी करायची आहे. कुठून सुरू करू?

जानेवारीपासून, वहीत. अल्बम ऐकला की नाव आणि तारीख टाका, दुसऱ्यांदा लावावासा वाटला तर पुढे एक खूण. डिसेंबरात ज्यांच्यापुढे सगळ्यात जास्त खुणा आहेत असे दहा काढा आणि १०० गुण वाटायला बसा. ३० कुणाला द्यायचे हे एका मिनिटात ठरतं. सगळी रात्र जाते ती शेवटच्या ५ गुणांचा मानकरी शोधण्यात.